कर्त्याचा रकाना

नव्वदीचं दशक संपत आलं तेव्हा जळगावच्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात संगणक आला. त्याला शिंप्याकडून खोळ शिवून घेतली गेली आणि त्याच्या खोलीत चपला काढून जायचं असा नियम झाला. अख्ख्या इमारतीत तेवढ्याच खोलीत एसी होता, त्यामुळे वैशाखात प्राध्यापक मंडळींना ग्रंथालयाबद्दल एकाएकी फार आस्था वाटू लागली. मी तिथे सहायक ग्रंथपाल होते. तोवर माझी सगळी नोकरी लाकडी खणांतल्या कार्डांवर गेली होती.

संगणकाबरोबर सामायिक सूची आली. बऱ्याच ग्रंथालयांची मिळून एकच सूची, पुण्याच्या एका मोठ्या संगणकात ठेवलेली. आम्ही टेलिफोनच्या तारेवरून तिच्यापर्यंत पोहोचायचो. लाईन मध्येच तुटली की पुन्हा पहिल्यापासून. पुस्तक हातात घेतलं की आधी तिथे शोधायचं. दुसऱ्या कुणी त्याची नोंद केलेली असेल तर तीच उचलायची आणि खाली आपल्या ग्रंथालयाची खूण जोडायची. नसेल तरच आपण करायची, म्हणजे ती मग सगळ्यांना आयती मिळे. ज्याच्याकडे पुस्तक आहे त्याला नोंद दुरुस्तही करता येई, आणि एका ठिकाणी दुरुस्त झाली की सगळीकडे दुरुस्त. मला हे फार आवडलं. अर्थात एकाची चूकही तशीच सगळीकडे जायची, पण त्याचा विचार तेव्हा कुणी केला नव्हता.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन धुळ्याला घरीच असत. हृदयाचा त्रास होता. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन काय ते सांगितलं होतं. शनिवारी दुपारच्या एसटीने मी धुळ्याला जायची. संगणकाचं सगळं मी त्यांना रंगवून सांगितलं, तेव्हा खाटेवर उठून बसत त्यांनी एकच विचारलं, "मनं पुस्तक शे का त्यामा?"

आबांचं एक पुस्तक होतं. अहिराणी गाण्यांचं, बारीकसं, माझ्या जन्माआधी छापलेलं. हळदीची, निंदणीची, पोरीला सासरी धाडतानाची गाणी. त्या पुस्तकावर आबांना शाल-नारळ मिळाले होते, गल्लीत त्यांना कवी गुरुजी म्हणत. लग्नघरी बायका तीच गाणी म्हणायच्या. घरात आईसुद्धा काम करताना गुणगुणायची, पण तिची ओळ पुस्तकातल्यापेक्षा वेगळी निघे. मग आबा आतून ओरडायचे, "चुकली! छापलेलं बघ जरा." आई गप्प व्हायची. मला वाटे, बिचारीला पाठ होत नाही.

सोमवारी मी शोधलं. आबांच्या नावाने काहीच निघालं नाही. पुस्तकाच्या नावाने मात्र निघालं. पुण्याच्या एका ग्रंथालयात एक प्रत होती आणि तिची नोंदही होती: मुखपृष्ठ फाटलेले, आतले पहिले पान नाही, कर्ता अज्ञात.

मला फार लागलं ते. आयुष्यभर ज्या माणसाला गाव कवी म्हणतं, त्याच्या नावापुढे अज्ञात? आणि हा अज्ञात आता तारेवरून गावोगावच्या ग्रंथालयांत जाणार. उपाय सोपा होता. घरातली धड प्रत आमच्या ग्रंथालयाला भेट द्यायची, आमची खूण जोडायची आणि मुखपृष्ठ समोर ठेवून नाव भरायचं. आबांच्या कपाटात एक प्रत शिल्लक होती. पुढच्या शनिवारी पुण्याच्या फाटक्या प्रतीचं सांगून मी ती मागितली.

त्यांनी ती काढायला लावली, मांडीवर घेतली, पण माझ्या हातात देईनात. आई बाहेर नळावर गेली होती.

"मनं नाव नको लिखू," ते म्हणाले. "गाना तुनी मायना शेतस. मी फक्त लिखी लिधात."

मग थांबत थांबत सगळं सांगितलं. लग्न होऊन आई घरात आली तीच गाणी घेऊन आली. माहेरी शिरपूरकडे भुईमुगाच्या शेतात निंदताना ती पुढे म्हणायची आणि बाकीच्या बायका मागे. सगळी तिने स्वतः जुळवलेली. आबांनी रात्री कंदिलापाशी ती उतरवून घेतली, वृत्तात बसावीत म्हणून थोडी कापली-छाटली, आणि छापताना स्वतःचं नाव घातलं. "तव्हय बाईनं नाव कोन छापतं?" असं त्यांनी मला विचारलं, पण उत्तराची वाट पाहिली नाही.

मला राग आला. आजारी माणसावर येऊ नये इतका आला. कापलेल्या ओळी आणि "चुकली!" हा आवाज माझ्या कानात एकदमच घुमायला लागले. तिची गाणी, आणि तिलाच चूक ठरवायचं? चेहरा लपवता येत नाही मला.

"पान फाटं ते बरं व्हयनं," आबा म्हणाले. "जागा रिकामी शे. मी शे तवलोंग तिनं नाव टाक. मनं कोठेच नको." आपण आहोत तोवरच हे व्हायला हवं, असं पुन्हा बजावून मगच त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं.

आमच्या ग्रंथपाल सरांनी आधी साफ नकार दिला. मुखपृष्ठावर असेल तेच नाव कर्त्याचं, घरातली भांडणं सूचीत आणायची नाहीत, असं म्हणाले. नियमाने त्यांचं बरोबरच होतं. मग मी आबांकडून लिहून आणलेलं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. गुरुजींच्या वळणदार अक्षरात त्यांनी लिहिलं होतं की मुखपृष्ठावरचं नाव छापून घेणाऱ्याचं आहे, गाणी रचणारीचं नाही. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मुखपृष्ठावरचं नाव रचणारीचं नाही, तेवढी एक टीप खाली द्या," म्हणाले.

आता फक्त आईला विचारायचं राहिलं होतं. खरं तर तिचं नाव मला ठाऊक होतं, विचारायची गरज काय होती? पण मी विचारलं. ती चुलीपाशी भाकरी थापत होती. गॅस होता, पण भाकरी तिला चुलीवरचीच लागे. सगळं ऐकून तिला आश्चर्य वाटलं नाही, रडूही आलं नाही.

"त्यासनी माले इचारं नही," ती म्हणाली. "तू तरी इचारी ऱ्हायनी."

भाकरी उलटली. मग म्हणाली, "बठ्ठास्ले दिसई?"

"हो, सगळ्यांना दिसेल. जिथे जिथे ही सूची आहे तिथे."

"मंग सासरनं नाव नको. गाना माहेरमा व्हयनात, नाव बी माहेरनंच लिख."

आणि तिने ते सांगितलं. लग्नात आमच्याकडे मुलीचं नाव बदलत, त्यामुळे आईचं पाळण्यातलं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मग तिच्या वडिलांचं नाव, मग माहेरचं आडनाव. एखादं मूल शाळेत उभं राहून सांगतं तसं तिने ते एका दमात, स्पष्ट सांगितलं.

नोंद बदलली त्या दिवशी लाईन तुटली नाही. देवनागरी अक्षरं तेव्हा त्या यंत्राला जमत नव्हती, म्हणून नाव इंग्रजी लिपीत भरावं लागलं. थोड्या वेळाने मी पुण्याची नोंद उघडून पाहिली. अज्ञात गेलं होतं. त्या नोंदीची छापील प्रत काढून शनिवारी धुळ्याला नेली.

आबा त्या आठवड्यात फार खालावले होते. आई त्यांच्या खाटेजवळ जमिनीवर डाळ पाखडत बसली होती. मी कागद उघडून वाचला. पुस्तकाचं नाव. मग कर्ती, म्हणून आईचं नाव, आजोबांचं नाव, माहेरचं आडनाव. आबा डोळे मिटून ऐकत होते. मी थांबले.

"पुढे?" त्यांनी विचारलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आपलं नाव कुठेच नको असं ते मनापासून म्हणाले होते, पण बायकोच्या नावात मधोमध नवऱ्याचं नाव असतंच, एवढं ते धरून चालले होते; माहेरच्या नावापुढे तरी ते येईल म्हणून थांबले होते.

"पुढे काहीच नाही, आबा."

त्यांनी डोळे उघडले आणि आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली नाही. मग आबांनी तिचं ते पाळण्यातलं नाव घेतलं, हळू, जपून, घरात पहिल्यांदाच.

सूप थांबलं.

"इतला वरीस गयात, आते हाक मारी ऱ्हायनात?" आई म्हणाली, आणि पुन्हा डाळ पाखडू लागली.