आत्याची शिंगं

माझी आत्या कपडे शिवायच्या कारखान्यात कापड कापते. तिथे सगळेच तिला आत्या म्हणतात. अंगाने दणकट, आणि आवाज असा की फोनवर लोक तिला काका समजतात. त्यामुळे कारखान्याच्या वार्षिक नाटकात महिषासुर कायम तिच्याच वाट्याला. देवी व्हायच्या अकाउंट्सच्या बाई, नाकीडोळी नीटस. आत्या मात्र कापडाच्या गुंडाळीतल्या पुठ्ठ्याची शिंगं लावून दर वर्षी मरायची. देवीचे संवाद तिला कधीचे तोंडपाठ होते. देवी व्हायचं तिच्या फार मनात होतं, पण बोलून दाखवायची सोय नव्हती, लोक हसले असते.

यंदा अकाउंट्सच्या बाई निवृत्त झाल्या आणि नाटक बसवणाऱ्या स्टोअरकीपरने डोकं खाजवत आत्यालाच देवी केलं. राक्षस व्हायला कुणी तयार होईना. शेवटी ते काम पॅकिंगमधल्या नव्या मुलीच्या गळ्यात मारलं. तिचा आवाज इतका बारीक की तिचं नावच चिमणी पडलं होतं. कुणी ओरडलं की हिची मान खाली.

"मला नाही जमणार, आत्या. राक्षस वाईट असतो," ती म्हणाली.

"वाईट कसला? रेड्याच्या कातड्यात अडकलेला माणूस तो. देवी त्याला मारत नाही गं, सोडवते. पण आधी त्याने डरकाळी तर फोडायला हवी! फोड बघू."

जेवणाच्या सुट्टीत कटिंगच्या टेबलामागे तालीम चालायची. मीही तिथेच कामाला, म्हणून नगारा माझ्याकडे. काठी पडली की राक्षसाने आधी गुडघा, मग कंबर, मग खांदा, असं पडायचं; डोकं आपटायचं नाही. आत्या स्वतः पुन्हा पुन्हा पडून दाखवायची.

"अगं, देवीची तालीम कधी करणार?" मी विचारलं.

"ती झालीय माझी केव्हाच."

नाटकाच्या दिवशी चिमणीने अशी डरकाळी फोडली की तिच्यावर रोज खेकसणारा सुपरवायझर खुर्चीतच दचकला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! देवीने त्रिशूळ उचलला. मी नगाऱ्यावर काठी मारली.

आणि देवी पडली. गुडघा, कंबर, खांदा. अगदी नेटकी.

इतक्या वर्षांची सवय ती! सभागृहात हसण्याची नुसती खसखस पिकली. मुकुट घरंगळत गेला. आत्या डोळे घट्ट मिटून तशीच पडून राहिली. इतकी वर्षं मनात धरलेली गोष्ट हाती आली आणि निसटली, हे तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं.

तेवढ्यात राक्षस पुढे आला. चिमणीने मुकुट उचलून आत्याच्या डोक्यावर ठेवला, हात दिला आणि शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "उठा आत्या, यंदा मरायची पाळी माझी."

आत्या उठली. त्रिशूळ सावरला, घसा खाकरला आणि त्या काकांच्या आवाजात देवीचा संवाद असा म्हटला की हसणारे चिडीचूप. मी पुन्हा काठी मारली. या खेपेला पडायचं तेच माणूस पडलं.

पडदा पडायच्या आत आत्या खाली वाकली आणि चिमणीची शिंगं तिने आपल्या हाताने सोडवली. हे नाटकात लिहिलेलं नव्हतं.