पैलवानाचे मोडलेले कान

आमच्या शेडवर पाटी नाही. त्यामुळे येणारा प्रत्येक जण दारात उभा राहून एकच प्रश्न विचारतो, "बाहुल्या करतात ते हेच का?" बाहुल्या म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. नवरा आतून ओरडतो, "हो हो, हेच, या." त्याला राग येत नाही. त्याच्या वाटचा राग मीच करते.

सांगलीत घरामागच्या शेडमध्ये आम्ही दोघं हे काम करतो. हुबेहूब माणसाची फिगर, हात-पाय वळणारी, कपडे खरे शिवलेले, काचेच्या कपाटात ठेवायची. घेणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे. नवरा कॉम्प्युटरवर माणूस घडवतो, यंत्रातून त्याचं राखाडी डोकं छापून काढतो, ते घासून गुळगुळीत झालं की त्याचा रबरी साचा करतो आणि साच्यात पुन्हा डोकं ओततो. तिथून पुढं माझं राज्य. आधी अस्तर, मग हवेच्या पिचकारीनं रंगाचे पातळ थर. पहिला थर लाल, कारण कातडीखाली रक्त असतं. डोळ्यांखाली निळसर, कपाळाला पिवळट, आणि त्यावर कातडीचा रंग, इतका पातळ की खालचं सगळं दिसत राहावं. दाढीचे खुंट एक-एक ठिपका देऊन. डोळे शेवटी, तीन केसांच्या ब्रशनं, श्वास रोखून. एका चेहऱ्याला मला पंधरा दिवस लागतात. आणि लोक म्हणतात बाहुली.

परदेशी रंगांच्या बाटल्यांवर 'कातडीचा रंग' असं छापलेलं असतं. उघडून बघावं तर आत डुकराच्या पिल्लासारखा गुलाबी. माझ्या ओळखीत त्या रंगाचा एकही माणूस नाही. म्हणून मी माझे रंग स्वतः कालवते आणि वहीत नोंदवते. जोंधळ्याची भाकरी. चिंचेचं टरफल. भिजलेली वीट. मी स्वतः भाजक्या कॉफीत बसते. लग्नाआधी आईनं तीन वर्षं हळद-साय चोळून माझी सालटी काढली, तरी मी कॉफीच राहिले. हे सांगायचं कारण पुढं येईल.

गेल्या वर्षी आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं आजोबांची फिगर करायला सांगितली. हा पुण्यात नोकरीला. आमच्याकडून आधी दोन फिगर नेलेल्या, हातमोजे घालून त्यांची धूळ पुसणारा. आजोबा एके काळचे नामांकित पैलवान, कुंडलच्या अलीकडच्या एका गावात राहणारे. त्यांना एक्याऐंशी पूर्ण होणार होती, घरात सहस्रचंद्रदर्शनाचा कार्यक्रम ठरला होता, आणि त्या दिवशी नातू त्यांना त्यांच्याच ऐन उमेदीतली फिगर देणार होता. कल्पना मला फार आवडली. एका अटीवर होकार दिला, की मी आधी माणूस बघणार.

गेलो. आबा ओसरीत खुर्चीवर बसले होते. खांदे अजून दाराएवढे. काचबिंदूनं दोन्ही डोळे जवळजवळ गेलेले, उजेड आणि सावली एवढंच कळायचं. घरात तरुणपणाचा एकच फोटो, स्टुडिओत काढलेला काळा-पांढरा, लंगोटावर, खांद्यावर गदा. मी फोटो बघत होते आणि नवरा आबांच्या कवटीची मापं घेत होता. तेवढ्यात आबांनी मला जवळ बोलावलं.

"पोरी, हितं हात लाव," म्हणाले आणि माझा हात धरून स्वतःच्या उजव्या कानावर ठेवला.

कान नव्हताच तो. आल्याचा गड्डा होता. घट्ट, गाठी-गाठींचा, भोक जवळपास बुजलेलं. कुस्तीत डोक्याला डोकं घासून, कानावर मार बसून आत रक्त साकळतं आणि कान असा कायमचा घट्ट होतो, हे मला ऐकून माहीत होतं. हात पहिल्यांदाच लागला.

"सोळा वर्साचा हुतो," आबा म्हणाले. "ह्यो उजवा आदी मोडला. भाकरीवानी सुजला. आई रडाय लागली, डाक्टरकडं न्या म्हनून. वस्ताद म्हनलं, खबरदार कुनी सुई लावशीला तर! आन् माझ्या बानं काय करावं? गल्लीत साखर वाटली. पोरगं पैलवान झालं म्हनून."

मग हसले. "मला आता रंगबिंग काय दिसायचा न्हाई. तू कान तेवडं नीट कर. हाताला कळंल मला, मी हाय का दुसरा कोन."

"करते, आबा," मी म्हणाले. हा शब्द मी दिला. नवऱ्यासमोर, नातवासमोर दिला.

त्यानंतर दोन महिने आम्ही आबा घडवत होतो. दीड फूट उंची, चिकूएवढं डोकं. पैलवान उघडा असल्यानं गुडघ्या-कोपरांचे सांधे दिसून चालणार नव्हते, म्हणून आत धातूचा सांगाडा आणि वरून अखंड रबरी कातडी. लंगोट मी जुन्या धोतराच्या झिरझिरीत कापडाचा शिवला, नवं कापड त्या मापात पत्र्यासारखं ताठ राहतं. गावातल्या तालमीतली तांबडी माती आणून वस्त्रगाळ केली, पोटऱ्यांवर आणि पाठीवर लावायला. कानांसाठी नवरा चार वेळा कॉम्प्युटरपुढून उठला आणि चार वेळा मी त्याला परत बसवला. पाचव्यांदा राखाडी डोकं छापून आलं तेव्हा मी डोळे मिटून उजव्या कानावर बोट फिरवलं. पावट्याच्या दाण्याहून जरा मोठा, पण तोच गड्डा. रंगसुद्धा सापडला होता. गूळ. नवा पिवळा नाही, वर्षभर ठेवलेला, काळपट पडलेला.

राखाडी डोक्याचा फोटो मी नातवाला पाठवला. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून एक फोटो आला. आबांचा तोच स्टुडिओतला फोटो, पण त्यानं मोबाइलवर रंगीत करून घेतलेला. मोबाइलनं आबांना गोरंगोमटं केलं होतं. ओठ गुलाबी. आणि त्या दिवट्या मोबाइलला कान म्हणजे काहीतरी बिघाड वाटला असणार, कारण त्यानं दोन्ही कान दुरुस्त करून टाकले होते. पाकळीसारखे, नाजूक, भोकासकट.

खाली लिहिलं होतं, "हा रेफरन्स धरा."

मी लगेच फोन लावला. "अहो, हे आबा नाहीत."

"ताई, थोडं उजळ चांगलं दिसतं. पुण्याहून पाहुणे येणार आहेत. आणि कानांचं म्हणाल, तर ज्यांना माहीत नाही त्यांना ते व्यंगच वाटतं."

"आबांनी स्वतः सांगितलंय कानांचं. तुमच्यासमोर."

"आबांना कुठं दिसणार आहे?"

हे वाक्य मी आजही विसरलेले नाही. मी काय बोलले ते नवऱ्यानं ऐकलं आणि तो शेडबाहेर जाऊन उभा राहिला. तिकडून नातू शांतपणे म्हणाला, "ताई, तुम्ही रंगवा. काय असावं, काय नको, ते आमच्यावर सोडा." पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. तालमीची माती त्याच्या नखालासुद्धा लागलेली नाही, आणि हा कुणाचे कान सरळ करतोय तर ज्याच्या नावावर गावात आजही याला चहा मिळतो त्याचे.

खरं म्हणजे मी काम तिथंच टाकायला हवं होतं. टाकलं नाही. नवरा म्हणाला, "माणूस त्यांचा, वस्तू त्यांची, तू कशाला जीव जाळतेस?" आणि मला असा राग आला, की असंच हवंय ना, मग असंच घ्या! रागात माणूस हातातलं फेकतो. मी उलटं केलं. मी रागात माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत सुंदर काम केलं. नव्यानं डोकं घडवलं, पाकळीचे कान, आणि गव्हाळ-गुलाबी असा रंग चढवला की गालाखालून रक्त वाहताना दिसावं. पापणीच्या कडेला ओल दिली. खालच्या ओठावर एक भेग दिली. नवरा म्हणाला, "हा आता बोलेल." मी म्हटलं, "बोलेल, पण खोटं बोलेल." माझी आई हळद-साय घेऊन बसायची तसंच मी बसले होते, पिचकारी घेऊन. हे तेव्हा कळत होतं आणि तरी हात थांबत नव्हता. नातवावर मी चिडले, पण शब्द त्यानं दिला नव्हता. तो मी दिला होता.

कार्यक्रमाला आम्हाला बोलावणं होतं. निघताना मी मोडक्या कानांचं ते पहिलं राखाडी डोकं कापसात गुंडाळून पर्समध्ये टाकलं. कशासाठी, ते मला नीट सांगता येणार नाही. नातवाच्या तोंडावर मारावं, असं काहीतरी मनात असेल.

सकाळची वेळ. अंगणात मांडव, पाटावर आबा, फेटा बांधलेले. सुनांनी आणि लेकींनी एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळलं. मग नातवानं माईकवर दोन शब्द सांगितले आणि काचेच्या पेटीवरचं कापड ओढलं. टाळ्या पडल्या. शेजारची पाहुणी म्हणाली, "अगंबाई, आबा तरुणपणी किती गोरे होते!"

"गोरा?" आबा म्हणाले. "कोन, मी?"

सगळे हसले. आबांनी हात पुढं केले. नातू म्हणाला, "आबा, काचेतच राहू दे, हाताळायची नसते." आबांनी हात मागं घेतले नाहीत. पैलवानाचे हात पुढं आले की किती वेळ नाही म्हणणार? पेटी उघडावी लागली.

फिगर मांडीवर आली. आबांनी तोंड चाचपलं नाही, छाती नाही, गदा नाही. अंगठा सरळ उजव्या कानावर गेला. तिथं थांबला. मग डाव्या कानावर. मग पुन्हा उजव्या. मांडवात सगळे कौतुकानं बघत होते आणि मला जमीन दुभंगावी असं वाटत होतं.

"ह्यो कोन रं?" आबांनी विचारलं.

"तुम्हीच की, आबा," नातू म्हणाला.

"मी न्हवं. ह्यो गडी मातीत उतारल्यालाच न्हाई." ते थांबले आणि ज्या बाजूला कुणी नव्हतं तिकडं तोंड करून म्हणाले, "ती पोरगी आलीया का? तिला मी सांगितलं हुतं."

ओरडले असते तर बरं झालं असतं. मी उठले. पर्स उघडत पाटापर्यंत गेले, फिगर हातात घेतली आणि तिचं डोकं उपटलं. मानेत लोहचुंबक असतो, टक् आवाज होऊन निघतं, त्यात विशेष काही नाही. पण मांडवातल्या बायकांनी "अगं अगं!" केलं. ओवाळणीचे दिवे अजून जळत होते आणि मी उत्सवमूर्तीचं मुंडकं उपटलं होतं. आबांची लेक म्हणाली, "शुभ दिवसाला काय ही अवदसा!" नातू इंग्रजीत काहीतरी बोलला. मी राखाडी डोकं बसवलं आणि फिगर आबांच्या हातात दिली.

अंगठा पुन्हा कानावर गेला. या वेळी तो हलला. गाठीवरून फिरला, बुजलेल्या भोकापाशी टेकला. आबांनी दुसरा हात स्वतःच्या कानाला लावला. एक हात इथं, एक तिथं.

"व्हय," म्हणाले. "ह्यो हाय. माझ्या बानं साखर वाटली त्यो ह्यो."

मग त्यांनी विचारलं, "आन् रंग कसा दिलायस, पोरी?"

नातवानं माझ्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत विनवणी होती, काहीतरी छान सांगा अशी. एकदा खोटं रंगवून झालं होतं, आता खोटं बोलायचं राहिलं होतं.

"अजून दिला नाही, आबा," मी म्हणाले. "मी शब्द मोडला होता. हे डोकं मी बाजूला टाकलं होतं. न्यायला द्या, पंधरा दिवसांत तुमचाच रंग चढवून आणते. गुळाचा."

आबांनी फिगर छातीशी धरली. माझ्या हातात काही ती दिली नाही.

"ऱ्हाऊ दे तसाच," ते म्हणाले. "रंगीवलास, की पुन्ना कोनतरी म्हनंल, वाईच उजळ कर."

मी उपटलेलं ते गोरं डोकं नातू पुण्याला घेऊन गेला. नवीन धड करून घेतलं त्यानं, आमच्याकडूनच, आणि आता ते त्याच्या काचेच्या कपाटात दिव्याखाली उभं आहे. त्याचे फोटो सगळीकडं फिरतात. अनोळखी माणसं मला फोन करून विचारतात, आजोबांच्या चेहऱ्याचा रंग इतका जिवंत कसा साधलात? मी म्हणते, आजोबांचा नाही तो, आणि फोन ठेवते. वहीत गुळाच्या पानावर रंगाचं माप लिहिलेलं आहे. तो रंग मी अजून कुणालाच लावलेला नाही.