दर्भाचा कावळा

बायकोच्या दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. मेलेल्याची इच्छा राहिली की असं होतं म्हणतात. मग घरच्यानं ती सगळ्यांसमोर बोलून दाखवायची, पुरी करीन असा शब्द द्यायचा.

तिची इच्छा मला ठाऊक होती.

मोशीत रस्त्याकडेला आमचे दोन गाळे. एकात पंक्चर काढणारा मुसलमान होता, मराठवाड्यातला, बारा वर्षं. माझी बायको अंथरुणाला खिळली तशी त्याची बायको रोज सकाळी यायची, तिला उठवायची, कुशीवर वळवायची, पाठ पुसायची. सून कंपनीत फर्स्ट शिफ्टला. मला काय उचलवत नव्हतं.

मग मोबाईलवर कुठल्या तरी लांबच्या गावचं काहीबाही फिरलं. देवळात बैठक भरली. त्या लोकांना गाळे द्यायचे नाहीत, कबूल असेल त्यानं हात वर करा. मी केला. अर्धाच केला होता, पण मोजणाऱ्या चुलतभावानं पुरा धरला. मी पण त्याला अडवलं नाही.

घरी बायको म्हणाली, "तुमचं काय घोडं मारलंय त्यानं?"

"काय न्हाई. पन गावानं ठरवलंय."

"मग मला मुतायला उठवायला गाव येनार हाय का?"

पंक्चरवाल्यानं टेम्पोत सामान भरलं, गाळ्याची किल्ली माझ्या हातात दिली. "येतो, आबा," एवढंच म्हणाला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

पुढं पडून पडून तिच्या पाठीला जखमा झाल्या. वास यायचा. शेवटपर्यंत एकच धोशा, "त्यांना परत बोलवा. आन् गावाला तोंडावर सांगा, चुकलं म्हनून."

घाटावर ऊन चढलं. भावकी एकेक बोलू लागली. "वहिनी, नातीचं लगीन धडाक्यात करू!" कावळे झाडावरच. कुणीतरी म्हणालं, "चहा ठेवा राव, म्हातारीला दर घटकेला लागायचा." लोक हसले. चहा ठेवला. थंड झाला.

तोच चुलतभाऊ माझ्याकडं वळला. "दादा, तुला ठाऊक असंल. बोल की."

मी तोंड उघडलं. समोर बैठकीतलेच सगळे उभे होते.

"न्हाई ठाऊक," म्हणालो.

भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला. झालं म्हणाले. सगळे जेवायला उठले. मी पण गेलो. ताटात वाढलं ते सगळं खाल्लं.