गोळ्या वाढल्या

माझी वहिनी ज्योत्स्ना समोरच्याचं वाक्य कधी पुरं होऊ देत नाही. तुम्ही नुसतं "मला जरा" म्हणालात की तिने पाण्याचा तांब्या आणून ठेवलेला असतो, आणि तुम्हाला हवा असतो पंखा. लग्न होऊन ती निफाडला आमच्या घरी आली तेव्हापासून मी हे बघते आहे. नणंद म्हणून मी तिला यावरून पुष्कळ टोमणे मारले. तेव्हा मजा यायची, आता येत नाही.

तिचं माहेर नाशिकचं, गंगापूर रोडचं. शहरातली मुलगी, मोकळी बोलायची. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने स्वयंपाकघरातून आवाज दिला, "आई, तांदूळ संपले." माझ्या आईने हातातलं काम खाली ठेवलं. आमच्या घरात काही संपत नसे. तांदूळ वाढत, मीठ वाढे, दिवा विझवायचा नाही, वाढवायचा, फुटलेली बांगडीसुद्धा वाढायची. भरल्या घरात "संपलं" म्हणणारी सून म्हणजे अवदसा, असं आईने शेजारणींसमोर तिला सुनावलं आणि कान धरून पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, "तांदूळ वाढले, तांदूळ वाढले." वहिनी रडत रडत म्हणत होती. सुनेला रडवल्याशिवाय आमच्या आईला जेवण गोड लागत नसे.

तो शब्द मात्र वहिनीच्या जिभेवर कायमचा बसला. आई गेली, दादा-वहिनी नाशिकला राहायला आले, वहिनी बालवाडीत शिकवू लागली, तरी ती वाण्याला सांगायची, "साखर वाढलीय, जरा पाठवून द्या." दुकानातला पोरगा गोंधळून बघायचा. साखर वाढलीय तर आणखी कशाला हवी, असं त्याच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं असे.

बालवाडीतल्या एका मुलीला रक्ताचा कॅन्सर झाला आणि वहिनी तिला भेटायला दवाखान्यात गेली. मुलगी होती तशी बरी होती. वहिनीने पाहिल्या त्या बाहेर बाकड्यावर बसलेल्या इतर मुलांच्या आया. दिवसभर भिंतीकडे बघत बसलेल्या, आणि तोंड उघडलं की एकच भाषा. याचं रक्त संपलं, तिचं पोर गेलं, आमचं पण जाणार. आणि हे सगळं मुलांच्या डोक्यावरून, जणू मुलं बहिरी आहेत. वहिनी घरी आली ती तणतणतच. "वन्सं, त्या मुलांना आजार मारत नाही, हे बोलणं मारतं," ती म्हणाली. हे काही खरं नव्हतं. आजारच मारतो. पण वहिनीला कोण सांगणार.

त्यातून शिबिरं सुरू झाली. गंगापूर धरणाच्या वाटेवर एका ओळखीच्यांचं शेतघर आहे, ते वर्षातून दोनदा मिळू लागलं. आजारी मुलं, त्यांची भावंडं, आईबाप, आजी-आजोबा, सगळं खटलं तिथे येऊन राहायचं. दवाखान्यातले एक डॉक्टर हौसेने येत. मुलं बाहुल्यांना सलाइन लावत, मग बापांना आडवं करून खोटी सुई टोचत आणि "रडायचं नाही हं" असं दरडावत. दवाखान्यात त्यांना जे ऐकावं लागे ते सगळं व्याजासकट परत. मी स्वयंपाकाला असे. हसून हसून माझ्या पोळ्या करपत, हे मी कबूल करते.

दाराच्या चौकटीवर खडूने मुलांची उंची मांडायची पद्धत वहिनीनेच पाडली. औषधांनी ही मुलं खुंटतात. मागच्या खुणेपाशीच येऊन थांबतात. म्हणून वहिनी खडू बोटभर वर धरायची, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवून ओरडायचं, "वाढली" किंवा "वाढला". मुलांना ही लबाडी कळत असावी. टाळ्या आवडायच्या म्हणून गप्प बसत.

आणि एक नियम होता. शिबिरात "संपलं", "गेलं", "मेलं" हे शब्द काढायचे नाहीत. जो काढेल त्याने सगळ्यांसमोर उभं राहून गाणं म्हणायचं. वहिनीला हा नियम फार गोड वाटायचा. मी तिला म्हटलं, "अगं, हा तर आमच्या आईचा कान धरायचा कार्यक्रम. तू फक्त त्याला पेटी लावलीस." तिला राग आला. दोन वेळचं जेवण होईतो माझ्याशी बोलली नाही.

कुसाबाई येवल्याकडच्या एका खेड्यातली. मुलगा गोरक्ष पैठणीच्या मागावर बसायचा, सून नव्हती, नात वैष्णवी हिच्याच पदराला. पोरीला रक्ताचा कॅन्सर. कठीण उपचार पार पडले होते आणि आता रोजच्या गोळ्या चालू होत्या. त्या बरीच वर्षं घ्यायच्या, चुकवायच्या नाहीत, एवढंच डॉक्टरांचं सांगणं होतं. पोरीच्या डोक्यावर नुकतं लव यावी तसे केस आले होते आणि ती येईल त्याला हात लावून बघायला सांगे.

पहिल्याच बैठकीत कुसाबाई उभी राहिली. "पोरीचं रगत संपत आलं व्हतं, बाई. डाक्टर म्हनले, गेली समजा."

पोरं ओरडली, "गाणं, गाणं." म्हातारीला काय झालं ते कळेना. वहिनीने प्रेमाने, खरंच प्रेमाने, तिचा हात धरून तिला मध्ये आणलं आणि नियम सांगितला. कुसाबाईने पदर तोंडात धरला. मग भिंतीकडे तोंड करून जात्यावरचं काहीतरी पुटपुटली. टाळ्या पडल्या. मग ती माझ्याकडे पाणी प्यायला आली. "लय लाज आली," ती म्हणाली. "आता नाय चुकायची. आमच्यात बी ‘संपलं’ म्हनत नाय, ‘वाढलं’ म्हनत्यात. मीच येडी." तिला शहाणपण आलं होतं, तिने ते जपून घरी नेलं.

निघताना वहिनीने सगळ्यांना आपला नंबर दिला. गोळ्यांची काही अडचण आली तर फोन करा, आम्ही घरपोच करू. हे ती नुसतं बोलायची नाही, करायचीही. भर उन्हात एसटीने पेठपर्यंत जाऊन औषध दिलेलं मी पाहिलं आहे.

पुढच्या शिबिराची तयारी चालू होती तेव्हा कुसाबाईचा फोन आला. आम्ही दोघी भांड्यांच्या दुकानात पातेली निवडत होतो. मला फक्त वहिनीची बाजू ऐकू आली. पलीकडचं नंतर सगळ्यांना कळलं.

कुसाबाईचा पाय मुरगळून सुजला होता. दवाखान्याची तारीख चुकली होती, एसटी चढता येत नव्हती. हे ती सांगणार होती. पण आधी महत्त्वाचं बोलावं म्हणून म्हणाली, "बाई, वैष्णवीच्या गोळ्या वाढल्या."

"वाढल्या तर वाढू द्या, आजी. घाबरायचं नाही," वहिनी म्हणाली. "पोरीच्या अंगाला सवय व्हायला थोडा वेळ लागतो."

"तवर तसंच ऱ्हाऊ द्यायचं का?"

"तसंच राहू द्या. आपल्या मनाने काही करायचं नाही. शिबिराला याल तेव्हा डॉक्टर बघतीलच." आणि फोन ठेवून ती मला म्हणाली, "डॉक्टरांनी डोस वाढवलाय. म्हातारी उगाच धसका घेते." मग पातेल्याचं बूड वाजवून बघितलं.

साखरेच्या बाबतीत जो शब्द ती स्वतः रोज वापरत होती, ज्या शब्दासाठी तिने कान धरले होते, तो गोळ्यांना लागून आला तेव्हा तिला ओळखू आला नाही. गोळ्या म्हणजे दवाखाना, आणि दवाखान्यात वाढतो तो डोस. इतकं साधं. कुसाबाईने शिकवल्याप्रमाणे चांगलं बोलायचं ठरवलं होतं आणि वहिनीने सवयीप्रमाणे उरलेलं वाक्य स्वतःच भरून टाकलं होतं.

शिबिराला वैष्णवी बापाच्या खांद्यावर आली. गळ्याला गाठी, पायांवर निळे डाग. चौकटीपाशी उभं राहायचं म्हणाली, पण उभं राहवेना. डॉक्टरांनी तिच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि विचारलं, "गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

"बंद कुठल्या," वहिनी म्हणाली. "वाढवल्यात ना तुम्ही."

"मी कशाला वाढवू?"

सगळ्यांनी कुसाबाईकडे पाहिलं. ती लगेच मदतीला धावली. "व्हय, वाढल्या. म्हनून तर मी बाईंना फोन केला व्हता."

"किती वाढल्या, आजी?" डॉक्टरांनी विचारलं.

"सगळ्याच. येक बी ऱ्हायली नाय."

वहिनीने चौकट धरली. मी तिच्या जवळच होते. तिचं तोंड उघडं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्यापाशी दुसऱ्याचं वाक्य पुरं करायला काही नव्हतं.

"मी वंगाळ बोलले नाय," कुसाबाई एकेकाच्या तोंडाकडे बघत म्हणाली. "नीट बोलले ना, बाई?"

"नीटच बोललात," वहिनी म्हणाली.

आजार उलटला होता. गोळ्या चालू असत्या तरी उलटला असता का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. चांगला माणूस. वहिनीसमोर दुसरं काय म्हणणार. वैष्णवी द्राक्षांच्या छाटणीच्या दिवसांत गेली. शेवटी तिचे केस पुन्हा गळले होते. वहिनी रोज दवाखान्यात जाऊन बसायची आणि कुसाबाई तिलाच धीर द्यायची. म्हातारीने एक शाप दिला असता तर वहिनीला पोटभर रडता आलं असतं. पण तेवढीही दया तिच्या वाट्याला आली नाही.

मूल गेलं तरी त्या घराला शिबिराचं बोलावणं जातं. हाही वहिनीचाच नियम. कुसाबाई यंदा एकटीच आली, पिशवीत शेंगा भाजून घेऊन. ओळखी करून द्यायचं काम चैताली नावाच्या नव्या मुलीकडे होतं. कॉलेजातली, उत्साही, तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. तिने माइक म्हातारीपुढे धरला. "आजी, तुमचं कोण?"

"नात. वैष्णवी."

"अरे वा. कशी आहे वैष्णवी?"

कुसाबाईने आधी वहिनीकडे पाहिलं, शाळेत मूल बाईंकडे बघतं तसं. मग माइकमध्ये स्वच्छ म्हणाली, "वाढली."

झालं. पोरांना हा शब्द पाठ. त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. "वाढली, वाढली." नवे आईबापही हसून सामील झाले. चैतालीने दोन्ही हात वर करून आणखी जोरात वाजवायला लावल्या.

वहिनी माणसांमधून वाट काढत गेली आणि तिने कुसाबाईचे दोन्ही हात धरले. "आजी, गेली म्हणा. म्हणा तुम्ही. इथे म्हटलं तरी चालतं."

कुसाबाईने मान हलवली. तिच्या तोंडावर टोमणा नव्हता. मी टोमण्यांतली जाणकार आहे, असता तर मला दिसला असता.

"नको, बाई," ती म्हणाली. "तसं म्हनलं की गानं म्हनावं लागतं. मला आता गानं येत नाय."

टाळ्या अजून चालूच होत्या.