नदीच्या वळणातलं जिल्ह्याचं गाव

शेजारच्या फ्लॅटमधल्या मुलीच्या नवऱ्याची इंग्लंडला बदली झाली, तेव्हा मीच हौसेने शिरा करून नेला. ती सांगलीकडची. लग्न होऊन थेट सिंगापूरला, तोआ पायोहमधल्या आमच्या ब्लॉकमध्ये आली होती.

"ताई, तुम्ही भूगोल शिकलात ना? आम्ही जाणार ते गाव मला शिकवा," ती म्हणाली.

आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिली. तालुक्याच्या कॉलेजात सरांनी मला नकाशा वाचायला शिकवला, त्यांचे उपकार मी अजून मानते. त्यामुळे कोणी असं विचारलं की मला हुरूप येतो. रोज दुपारी आम्ही लॅपटॉप उघडून बसायचो. ते एका काउंटीचं मुख्य गाव. आपल्या जिल्ह्याच्या गावासारखंच, कोर्ट, तुरुंग, बाजार सगळं तिथे. नदी तिन्ही बाजूंनी वळसा घालून गेलेली. चौथ्या बाजूला जमिनीची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर नेमका किल्ला.

"संरक्षणाला उत्तम जागा," मी सरांच्या थाटात सांगितलं.

"आणि आतून बाहेर पडायचं असेल तर?"

"दोन पूल आहेत की."

"ते बंद केले तर?"

पूर्वी करायचे, मी म्हटलं आणि रंगात येऊन वेढ्याची हकिगत वाचून दाखवली. आतल्या लोकांनी आधी घोडे खाल्ले, मग उंदीर. शेवटी दरवाजा उघडला, तेव्हा शरण आलेल्यांना किल्ल्याच्या भिंतीवरून ओळीने लटकावलं. पुढच्या काळात फाशी बाजाराच्या दिवशी, तुरुंगाच्या दरवाज्यावर. लोक पोरं खांद्यावर घेऊन बघायला यायचे.

मग म्युझियमचं पान आलं. लोखंडी लगाम. उलट बोलणाऱ्या बाईच्या डोक्यावर तो पिंजरा चढवायचे, आतली काटेरी पट्टी जिभेवर दाबायचे आणि दोरी धरून तिला गावातून फिरवायचे.

"हा ह्यांनी दाखवलाय मला," ती म्हणाली. "म्हणाले, तिथे गेलो की तुझ्या मापाचा बघू."

मी हसले. तिने केस बाजूला करून कानामागचे टाके दाखवले.

"इथे भिंतीपलीकडे तुम्ही असता, म्हणून जरा तरी हात आवरतात. तिथलं घर गावाबाहेर, एकटं. ताई, तिथे मी मरेन."

भिंतीपलीकडचे आवाज मी कितीदा ऐकले होते. सामान बांधतायत, असं समजत होते. संध्याकाळी माझ्या नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "जपून. तिचा इथे राहायचा पास त्याच्या नोकरीवर आहे. उद्या तक्रार झाली तर तिलाच देश सोडावा लागेल."

रविवारी दुपारी पलीकडे काहीतरी फुटलं. त्यानंतर भिंतीवर जे आपटलं ते सामान नव्हतं. मी धावत जाऊन त्यांची बेल दाबून धरली.

त्याने लाकडी दार अर्धवट उघडलं. बाहेरचं जाळीचं दार बंदच. घामाघूम, पण आवाज गोड. "वहिनी, पॅकिंग चाललंय. त्रास झाला का?"

त्याच्या मागे ती फरशीवर बसली होती. नाकातलं रक्त हनुवटीवरून गळ्यापर्यंत आलं होतं. एक डोळा मिटला होता.

"तिला बाहेर येऊ द्या," मी म्हटलं आणि जाळीतून हात आत घालून लाकडी दार धरलं. त्याने ते सगळ्या ताकदीने माझ्या हातावर आपटलं. पुन्हा उघडून पुन्हा आपटलं. मनगटातलं हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. हात मी काढला नाही. खरं तर काढताच येत नव्हता.

समोरचे चिनी अंकल बनियनवरच बाहेर आले. हातात फोन. "पोलीस कमिंग ऑलरेडी, लाह," ते त्याला इथल्या इंग्रजीत शांतपणे म्हणाले. तेव्हा त्याने दार सोडलं.

हॉस्पिटलात पोलीसबाईने तिला विचारलं, नवऱ्याबरोबर इंग्लंडला जाणार का? तिचं इंग्रजी कच्चं, म्हणून मीच उत्तर द्यायला लागले. तिने माझ्या प्लास्टरवर हात ठेवून मला थांबवलं.

"नो," ती म्हणाली. ओठ सुजले होते, तरी शब्द स्पष्ट आला. "आय नॉट गो. ही विल किल मी."

पासचं काय होईल, ते त्या पोलीसबाईलाही सांगता येईना. मग त्या मुलीने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली आणि मी गप्प बसून ऐकलं.