वडाप सोडलं तवा

पंच्याण्णव साली तासगावच्या रस्त्याला वडापाच्या, माणसं कोंबून नेणाऱ्या जीपा फार झाल्या होत्या. आकारामला त्यांची किळस यायची. कुणाचा घाम कुणाच्या अंगावर वाळतोय ते कळायचं नाही. पुढच्याची तंबाखूची पिचकारी वाऱ्यानं मागं यायची. एकदा तर मांडीवरच्या शेळीनं लेंड्या टाकल्या. आणि आकारामची नोकरी तासगावच्या दूध संघात, पिशव्या भरायच्या खात्यात. पांढऱ्या कपड्यावर डाग दिसला की फाटकावरनंच माघारी. पुन्हा तसा आलास तर कायमचा घरी बसशील, असं साहेबानं बजावलं होतं.

म्हणून त्यानं मिरजेच्या भंगारवाल्याकडनं सायकल आणली. कुणा गोऱ्या फिरस्त्यानं मुलूख हिंडून लॉजवर टाकलेली. हलकी, गिअरची, हँडल एडक्याच्या शिंगागत खाली वळलेलं. बायको साळूबाई म्हणाली, "आवं, हिच्यावर बसायचं का हिला टक्कर द्यायची?"

आकारामनं रॉकेलनं गंज काढला. शिंगं काढून सरळ हँडल घातलं. चिखल उडू नये म्हणून रुंद मडगार्ड, पँट काळी होऊ नये म्हणून चेनकव्हर. शेवटी डब्यासाठी मागं कॅरिअर बसवला, आणि तिथंच चुकला. बिनकॅरिअरची सायकल मालकाची असती. कॅरिअर लागला की ती गावाची.

पयल्याच सकाळी वेशीत नाथाजीतात्या आडवा आला. भावकीतला थोरला. म्हशीच्या सडक्या खुरातलं किडं काढून आलेला, हात तसंच.

"थांब रं, तासगावापतूर सोड."

बसलासुद्धा. वर आकारामचा शर्ट कमरेला दोन्ही मुठीत धरला.

"तात्या, हात तेवढं..."

"मग पडू व्हय? हाण तू."

मानेवर तोंडाचा वास, कमरेला किड्यांचा. चढाला आकारामनं सायकल थांबवली, तात्याला उतरवलं, पाना काढला आणि कॅरिअर सोडवून बाभळीत भिरकावला.

"आरं, मी कशावर बसू?"

"त्येच्यावरच. जावा काटं बाजूला करून."

पाटाच्या पाण्यात शर्ट चोळला, तरी पिवळट डाग राहिलाच. मग त्यानं शर्ट आत खोचला, पँट बेंबीच्या वर ओढून पट्टा आवळला आणि श्वास कोंडून फाटकातनं आत गेला. कुणी अडवलं नाही.

भावकीनं वर्षभर बोलणं टाकलं. आकारामला लय बरं वाटलं. न बोलणारी माणसं जवळ तरी येत नाहीत.