सुरतेचे सीनियर

किस्से मी मुद्दाम जमवत नाही. पण आमच्या ऑफिसात मिरचीची धूळ जशी आपोआप ओढणीवर बसते, तसे तेही बसतात.

आमचे शेठ नंदुरबारात मिरचीचे व्यापारी, मी त्यांची एकुलती एक प्रोग्रामर. वजनकाट्याचा आकडा कॉम्प्युटरात आणणारं सॉफ्टवेअर हवं होतं. मी ओपन सोर्स सुचवलं. म्हणजे कोड सगळ्यांना खुला आणि फुकट. मॅनेजर धनराजभाऊ म्हणाले, "ताई, फुकट शे ना, मंग खराबच व्हई."

तेव्हा त्यांच्या मोबाइलला ऑफिसचं वायफाय लागलेलं होतं.

*

शेठची शंका वेगळी. कोड सगळ्यांना दिसतो, तर आपला भावही शेजारच्या अडत्याला दिसेल! मी समजावलं, कोड दिसतो, आकडे नाहीत. त्यांनी मान डोलावली आणि उठून खिडकी लावून घेतली.

*

मग ठरलं, घरीच बनवू. शेठच्या जावयांनी कसलासा कोर्स केला होता. त्यांच्या प्रोग्राममध्ये रिकामा काटाही वजन दाखवायचा. आता जावयाला चूक कोण सांगणार?

शेठनी काटा बदलला.

*

शेवटी सुरतेच्या कंपनीचं विकत घेतलं. आतलं बघायचं नाही, हात लावायचा नाही. पोतं उघडून, मिरची मोडून, वास घेतल्याशिवाय सौदा न करणारे शेठ म्हणाले, "बेटा, त्यांचं ऑफिस बघ, पूर्ण काचेचं आहे!" वर हसत म्हणाले, हे नीट चाललं तर प्रोग्रामर तरी कशाला हवी?

मला डबा गेला नाही.

*

पहिल्याच मोठ्या लिलावाला आकडा येईना. बाहेर ओल्या मिरचीच्या गाड्या खोळंबलेल्या. शेठनी सुरतेला फोन लावला. आमचे सीनियर बघतायत, असं उत्तर आलं. मला हात लावायची बंदी.

टेबलाशी बसून मी मोबाइलवर त्या फुकट सॉफ्टवेअरचा फोरम उघडला. तिथे कोणीही अडचण विचारतं, कोणीही उत्तर देतं. आत्ताच एक प्रश्न आला होता: नंदुरबारच्या मिरचीवाल्याचा काटा बंद, अर्जंट मदत हवी. मी दचकलेच. उत्तर मला येत होतं, ते लिहिलं. ते 'अर्जंट' बघून शेवटी जोडलं, "घाबरू नका, सगळ्यांचं असं होतं."

थोड्या वेळाने फोन वाजला. शेठनी स्पीकर लावला. सीनियर भारदस्त आवाजात सांगू लागले: केबल काढा, पोर्ट बदला, परत चालू करा. "आणि घाबरू नका, सगळ्यांचं असं होतं."

आकडा आला. शेठ माझ्याकडे वळले. "ऐकलंस? उद्यापासून काही अडलं तर स्वतःचं डोकं चालवायचं नाही. सरळ यांना विचारायचं."